बबिताच्या नावानं

रुद्राणीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याला महिना होत आला होता, पण घरात त्याविषयी कोणी शब्द काढत नव्हतं.

उमापूरच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. सासरे मन्मथप्पा पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचे. नवरा केदारनाथ माल आणायचा, पोती उचलायचा, गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचा आणि घरात आला की गप्प व्हायचा. सासू शांतादेवी वाईट बाई नव्हत्या. त्यांनी सुनेला थंड पाण्यात हात घालू दिला नाही, डिंकाचे लाडू करून घातले. पण रुद्राणीनं विषय काढला की त्या म्हणायच्या, "झालं गेलं इसर. उगाळून काय येतंय? तरणी हायस, पुढच्या टायमाला हुईल. आपण कपिलधारला दर्शनाला जाऊन येऊ."

दवाखान्यात ती नीट शुद्धीवर आली तोवर केदारनाथ आणि मन्मथप्पा लेकराला घेऊन गेले होते. मुलगी होती, एवढं तिला नर्सनं सांगितलं. कुठे पुरलं ते तिनं नवऱ्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो मान खाली घालून दुकानात निघून गेला.

पाचव्या दिवशी तिला दूध आलं. सासूनं छातीला फडकं आवळून बांधलं. फडक्याच्या गाठीकडे बघत रुद्राणी दिवसभर पडून राहिली.

अशाच एका दुपारी, दुकान दोन तास बंद होतं आणि सगळे झोपले होते, तेव्हा मोबाईलवर तिला फेसबुकवरचा एक गट दिसला. 'आमची बाळं' असं नाव होतं. पोटातच किंवा जन्मताच लेकरू गेलेल्या बायका तिथे लिहायच्या. अंबाजोगाईतल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या शिवानी नावाच्या बाईंनी तो काढला होता. नऊशेच्या वर बायका होत्या. रुद्राणीनं तास-दीड तास नुसतं वाचलं, आणि मग चार ओळी लिहिल्या. आठवा महिना, मुलगी, मला दाखवली नाही, जागा माहीत नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीसेक जणींनी उत्तर दिलं. बऱ्याच जणींनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. कोणी 'देवाची मर्जी' म्हटलं होतं, कोणी डॉक्टरचं नाव विचारलं होतं. त्या सगळ्यांत एक ओळ होती. 'बबिता बंकट' नावाच्या बाईची, शेळीच्या करडाचा फोटो लावलेला.

"नाव काय ठेवलतं लेकीचं?"

रुद्राणीनं ती ओळ वाचली आणि उठून न्हाणीघरात गेली. नळ सोडून ती खूप वेळ रडली. तिनं नाव ठेवलं होतं. सहाव्या महिन्यापासून ती पोटावर हात ठेवून त्या नावानं बोलायची. ते तिनं केदारनाथलाही सांगितलं नव्हतं.

तिनं लिहिलं, "गिरिजा."

उत्तर आलं, "लई चांगलं नाव हाय. गिरिजाची आई, जेवलीस का?"

तेव्हापासून दोघी रोज एकमेकींना खासगीत लिहू लागल्या. बबिताचा निरोप दुपारी बारा-एकच्या सुमारास यायचा. शेळ्या झाडाखाली बसल्या की तिला सवड मिळायची. ती गेवराई तालुक्यातल्याच टाकळीच्या माळावर राहते, तिचंही सातव्या महिन्यात लेकरू गेलं होतं, एवढं तिनं सांगितलं होतं. ती फोन उचलत नव्हती. इथं रेंज न्हाई, म्हणायची. तिचं लिहिणं मोडकंतोडकं, वेलांटी-उकार कुठेही पडलेले. पण रुद्राणीला कुणाशी बोलावंसं वाटलं तर तिच्याशीच. तिनं बबिताला सगळं सांगितलं. दुधाचं, फडक्याचं. रात्री नवऱ्याचा हात लागला तरी अंग आक्रसतं, ते. शेजारणीच्या बाळाचं रडणं ऐकलं की ते बंद व्हावं असं वाटतं आणि मग स्वतःची भीती वाटते, तेही.

"भीती कावून वाटून घ्यायची," बबितानं लिहिलं होतं. "घाव ओला हाय तवर कशानं बी ठणकतो."

एकदा तिनं लिहिलं, "जागा नवऱ्याला इचारू नको. सासऱ्याला इचार. म्हातारी माणसं मऊ असतेत."

रुद्राणीला ते अशक्य वाटलं. मन्मथप्पांशी ती चहा आणि जेवण याखेरीज बोलत नव्हती. पण आठ दिवसांनी, सासू बाजूच्या ताराबाईंकडे गेलेली बघून ती पडद्याआडून पुढे आली.

"अप्पा, मला ती जागा दाखवा."

गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मन्मथप्पांनी अर्धा किलो साखर बांधून दिली. मग केदारनाथला हाक मारून गल्ल्यावर बसवलं, डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

लिंगायतांच्या स्मशानभूमीत कडेला एका कडुनिंबाजवळ तीन सपाट दगड ठेवले होते.

"मीच ठिवले," मन्मथप्पा म्हणाले. "कुत्र्यानं उकरू न्हाई म्हणून." मग एक दगड नीट बसवत म्हणाले, "नाक तुज्यावानी होतं."

त्या दिवशी रुद्राणी चांगली जेवली. तिनं बबिताला सगळं कळवलं. बबितानं लिहिलं, "बरं झालं. आता रडू आलं की तिथं जाऊन रडायचं. घरात कोंडून ठिवलं की ते सडतं."

हे सगळं फेब्रुवारी-मार्चात झालं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेजश्री नावाच्या एका मुलीनं गटात लिहिलं, "ही बबिता माझ्या मामाच्या गावची. ती दीड वर्षापूर्वी दुसऱ्या बाळंतपणात वारली. मी मयतीला गेले होते. मग हिच्या नावानं कोण लिहितंय?"

दुपारभर गटात आग लागल्यासारखं झालं. कुणीतरी टाकळीला फोन लावला. बबिताचा फोन तिच्या बापाकडे असतो असं कळलं. बाप म्हणजे पुरुष. साठीचा पुरुष नऊशे बायकांमध्ये बसून वर्षभर त्यांची दुखणी वाचत होता.

रुद्राणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. तिला आठवेना की आपण काय काय लिहिलं आहे, आणि मग एकेक आठवत गेलं. कुणीतरी भिंतीच्या फटीतून आपल्याला न्हाताना बघितलं आहे आणि तो माणूस रोज आपल्याला जेवलीस का विचारत होता, असं तिला वाटलं. तिनं त्याच तिरमिरीत गटात लिहिलं, "आमच्या मेलेल्या लेकरांवर मजा मारणाऱ्या या माणसाला सोडू नका. ह्याचं नाव, गाव, तोंड सगळ्या जिल्ह्याला कळू द्या."

लिहिलं आणि मोबाईलमधून फेसबुक काढूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डाळ निवडत होती. पडद्यापलीकडे दुकानात रोजची माणसं चहाला टेकली होती. त्यातला आश्रुबा मोबाईल हातात धरून म्हणाला, "अप्पा, हे बघितलं का? बायकांच्या ग्रुपात घुसलेला लांडगा. आपल्याच तालुक्यातलं बेणं हाय. फोटो बी हाय." आणि मग तो फोटोखालची ओळ मोठ्यानं वाचू लागला. "आमच्या मेलेल्या लेकरांवर मजा मारणाऱ्या या माणसाला सोडू नका..."

खाली तिचं नाव नव्हतं. पण शब्द तिचेच होते.

"असल्याला चौकात बांधून हाणलं पायजे," दुसरा कोणीतरी म्हणाला. रुद्राणीच्या हातातलं सूप खाली ठेवायचंच राहून गेलं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो केदारनाथच्या मोबाईलवरही आला. जेवताना त्यानं मोबाईल पानाशेजारी ठेवला होता, तेव्हा तिनं तो पाहिला. डोक्याला मुंडासं बांधलेला, काठीला टेकलेला एक म्हातारा, मागे शेळ्या. कुणाच्या तरी लग्नाच्या वेळी काढलेला असावा, कारण कपाळाला कुंकू होतं. तो हसत होता. रुद्राणीनं बबिताचा चेहरा कसा असेल ते बरेचदा मनाशी रंगवलं होतं. त्या चेहऱ्याच्या जागी आता हा बसेना, आणि तोही डोळ्यापुढून जाईना.

तीन दिवस तिनं तग धरला. चौथ्या दिवशी दुपारी तिनं फेसबुक परत घेतलं. बबिताच्या नावानं एक निरोप येऊन पडला होता, तो गोंधळ झाला त्याच संध्याकाळचा.

"रुद्राणीबाई, मी बंकट. बबिताचा बाप. वय एकसष्ट. सातवी शिकल्याला हाय. पैलं लेकरू गेलं तवा बबिता माज्याकडं येऊन राह्यली. ती रडायची आन मी तिला म्हणायचो, जनावराफुडं रडू नको, दूध आटतं. याबगर मला काय सुचलं न्हाई. मग ती फोनात बघत बसायची. मला वाटायचं टायमपास करती. दुसऱ्या खेपेला अंगावरून लई गेलं आन ती वाटंतच गेली. लेकरू बी गेलं. सासरच्यांनी तिच्या साड्या आन फोन माघारी धाडला. फोन उघडला तर ह्या समद्या बाया. लेकीला त्यांनी कसं कसं सावरलं, ते मी वर्षभर वाचलं. माज्या घरात राहून ती जगली ती ह्या परक्या बायांच्या जिवावर. मग एक दिवस तू नवीच लिहिलंस, आन तुला कुणी धड उत्तर दिलं न्हाई. म्हणून मी दिलं. तुला लिहिल्यालं निम्मं माजं न्हाई. बबिताला ज्यांनी ज्यांनी लिहिलतं, तेच तुला धाडलं. लेकराचं नाव काय ठेवलं हे तिला शिवानी मॅडमनं इचारलतं. बापमाणसानं वाचू न्हाई असं बी तू लिहिलं. तवा सांगायला पायजे होतं. सांगितलं असतं तर तू बोलायची बंद झाली असतीस. माजं चुकलं."

रुद्राणीनं बोट सरकवत सगळं जुनं बोलणं पुन्हा वाचून काढलं. आता तिच्या लक्षात आलं की या माणसानं स्वतःबद्दल एकदाही 'मी गेले', 'मी बसले' असं लिहिलं नव्हतं. "शेळ्या बसल्यात." "आज ऊन लई हाय." "लेकरू सातव्या महिन्याचं होतं." एवढंच. खोटं त्यानं बोलायचं टाळलं होतं, आणि खरंही सांगितलं नव्हतं. तिचा राग गेला नाही. पण त्या रागाला आता कुठे टेकू मिळेना.

तिनं लिहिलं, "तुमी कसे हायत?" निरोप गेला, पोचला मात्र नाही. दुसऱ्या दिवशीही पोचला नाही.

तेव्हा तिनं गटातून शिवानीबाईंचा नंबर मिळवून फोन केला.

"त्यांच्या मुलानं फोन दगडावर आपटला," शिवानी म्हणाल्या. "परमेश्वर नाव आहे त्याचं. गेवराईत ट्रॅक्टरच्या गॅरेजला असतो. तो फोटो त्याच्या मोबाईलवर येऊन पडला, गॅरेजमधली पोरं हसली. बबिताचे सगळे फोटो, तिचं सगळं त्या फोनमध्ये होतं. मला हे तेजश्रीनं सांगितलं, ती रडत होती. मी त्यांना गटातून काढलं, त्यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. बायका घाबरल्या होत्या. पण मी आधी त्यांना विचारायला हवं होतं."

"ती ओळ माजी हाय, मॅडम. सोडू नका म्हणून लिहिल्याली."

"माहीत आहे," शिवानी म्हणाल्या.

आणि मग म्हणाल्या, "माझ्याकडे बबिताचा एक आवाज आहे. तिनं मला पाठवलेला. दीड-दोन मिनिटांचा. तुम्हाला पाठवू?"

त्या दुपारी दुकान बंद असताना रुद्राणीनं केदारनाथला सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. तो पोत्यावर बसून ऐकत होता. तिनं मोबाईल पुढे केला, तो त्यानं घेतला नाही.

"मला न्हाई सांगितलंस," तो म्हणाला. "कुण्या कुठल्या माणसाला सांगितलंस."

"तुमी उठून जात होता."

"मी तिला हातात धरून नेलतं, रुद्राणी." त्याचा आवाज एकदम फाटला. "टॉवेलात. गाडीवर अप्पा पुढं, मी मागं. तुला काय सांगू? कसं सांगू?"

बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर वाजवून गेलं.

"टाकळीला जायचंय मला," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतेल?"

"माझ्यामुळं लोक त्याला म्हणायलेत."

शांतादेवींना कळलं तेव्हा त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. घराण्याची अब्रू, परका माणूस, असं काय काय त्या मन्मथप्पांना सुनावत होत्या. मन्मथप्पा म्हणाले, "जाऊ दे तिला." केदारनाथनं रविवारी मोटारसायकल काढली.

टाकळीचा माळ उघडा, उन्हानं पांढरा पडलेला. चार घरांची वस्ती, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला शेळ्यांचा वाडा. दारातच परमेश्वर उभा होता. तिशीचा, दांडगा माणूस. त्यानं यांना आत येऊ दिलं नाही.

"अजून काय बघायचं राह्यलंय? फोटो काढायचाय का?"

"उमापूरची हाय मी. रुद्राणी."

ते नाव त्याला माहीत असावं. तो बाजूला झाला, पण नजर तशीच होती. "आण्णा बाजारला जात न्हाई तवापासून," तो म्हणाला. "पोरं आवाज काढतेत शेळीचा."

बंकटची बायको बायडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला बहुतेक नेमकं काय घडलं तेच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं फोनात काहीतरी वंगाळ केलं, इतकंच लोकांनी सांगितलेलं. बंकट वाड्यात एका शेळीचं खूर साफ करत होता. त्यानं वर बघितलं. रुद्राणीकडे न बघता तो केदारनाथला म्हणाला, "मालक, चूक झाली माजी. पाय धरतो."

केदारनाथनं त्याला वाकू दिलं नाही.

"ते मी लिहिलं," रुद्राणी म्हणाली. "नाव, गाव कळू द्या म्हणून. ते माजं हाय."

"वाचलं म्या," बंकट म्हणाला. शेळीचा पाय त्यानं सोडून दिला. "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर येवढं लागलं नसतं, बाई."

माफी मागायची म्हणून ती आली होती, पण तिला एवढंच म्हणता आलं, "तुमी सांगायला पायजे होतं."

"व्हय."

"मी अजून रागातच हाय."

"आसू दे," तो म्हणाला.

मग तिनं पिशवीतून मोबाईल काढला. "शिवानी मॅडमकडं बबिताचा आवाज होता. त्यांनी धाडलाय." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं तो लावला.

बारीक, किंचित बसका आवाज. "मॅडम, मी बबिता. गोळ्या घ्यायलेय. तुमी सांगितलं तसं चालायला बी जाते..." मागे शेळ्यांचं बेंबटणं चालू होतं. ती भाकरीचं, उन्हाचं, एसटी चुकल्याचं सांगत होती. मध्येच लांबून एका पुरुषाचा ओरडा ऐकू आला, "ए भवाने, तिकडं कुठं चाललीस?" आणि बबिता हसली. "आण्णा हायत. शेळीला बोलायलेत, मला न्हाई."

आवाज संपला. बंकट काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता.

"त्यो मी हाय," तो म्हणाला. "पुन्यांदा लाव."

तिनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा परमेश्वर दारातून वाड्यापर्यंत आला होता. त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, नंबर सांगितला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "ह्याच्यावर धाडा." मग तो वाड्यामागे निघून गेला आणि बराच वेळ आला नाही.

रुद्राणीनं बंकटला सांगितलं की तिनं गटात सगळं खरं लिहिलं आहे, पुष्कळ जणींना वाईट वाटलं आहे. शिवानीबाई म्हणत होत्या, बापांसाठी वेगळा गट काढू, तुम्ही या. त्यानं मान हलवली.

"आता नको. लिहायला गेलं की हात कापतो."

आणि तो फोटो अजूनही फिरत होता, हे त्या दोघांनाही माहीत होतं. तिनं लिहिलेलं खरं त्या फोटोच्या मागे धावणार नव्हतं.

बायडाबाई इतका वेळ तांब्या धरूनच उभी होती. लेकीचा आवाज तिनं तीनदा ऐकला होता आणि तिचा चेहरा हलला नव्हता. निघायची वेळ झाली तशी ती रुद्राणीजवळ आली. हळूच म्हणाली, "तुमच्या त्या बायांत बिनशिकल्याली घेतेत का?"

"घेतेत."

"मला लिहिता येत न्हाई."

"तुमी बोला. मी लिहिते."

केदारनाथ मोटारसायकलपाशी जाऊन थांबला. बायडाबाईनं पदर नीट केला, वाड्याच्या सावलीत खाली बसली आणि रुद्राणीला शेजारी बसवून घेतलं. मोबाईलकडे बघत ती म्हणाली, "आदी काय सांगतेत, बाई?"

"जे पैलं येईल ते."

"मंग लिव्ह," बायडाबाई म्हणाली. "लेक गेली तवापासून मला कुणी काय इचारलं न्हाई."